आपल्या गावचे पोलीस अशा वेळी नक्की काय करू शकतात? (ब्रॉडव्ह्यू, शिकागो आणि आमचा व्हिलेज बोर्ड)

मेथांबा | ११ डिसेंबर २०२५

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या उपनगरात राहते, अठरा वर्षं झाली. येत्या मंगळवारी, १६ तारखेला, आमच्या व्हिलेज बोर्डाची (गावाच्या निवडून आलेल्या मंडळाची) मीटिंग आहे आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोलायला नाव दिलंय. तीन मिनिटं मिळतात. काय मागायचं ते पक्कं होत नाहीये म्हणून हा धागा.

कारण सांगते. ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी वर्क फ्रॉम होमवर होते, समोरच्या घरी पालापाचोळा काढायला नेहमीची तीन माणसं आली होती. ब्लोअरचा आवाज चालू होता त्यामुळे बाकी काही ऐकू आलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी लक्षात आलं की आवाज एकाच जागेवरून येतोय, हलत नाहीये. खिडकीतून बघितलं तर ब्लोअर गवतावर आडवा पडून चालूच होता, पानं तिथल्या तिथे भिरभिरत होती, ट्रकचं दार उघडं आणि माणूस एकही नाही. शेजारीण रस्त्यावर उभी राहून रडत होती. तिने बघितलं होतं, दोन गाड्या आल्या, इमिग्रेशनची तोंडं झाकलेली माणसं उतरली, तिघांना घेऊन गेली, दोन मिनिटांत सगळं संपलं.

तिने ९११ ला फोन केला होता. आमच्या गावचा पोलीस आला. त्याने ब्लोअर बंद केला, ट्रकचं दार लावलं, दारावरचा नंबर बघून मालकाला फोन केला, आमची नावं लिहून घेतली आणि गेला. माणूस सभ्य होता, वागणं चांगलं होतं. आम्ही विचारलं की त्यांना कुठे नेलं, तर म्हणाला बहुतेक ब्रॉडव्ह्यूला, इमिग्रेशनच्या इमारतीत, आम्हाला कोणी कळवत नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. इलिनॉयमध्ये स्थानिक पोलीस इमिग्रेशनच्या कामात मदत करत नाहीत हे आपण अभिमानाने सांगतो. पण मदत न करणं म्हणजे ब्लोअर बंद करून निघून जाणं एवढंच का? गावाच्या हातात आणखी काय असतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज.

तिरफळ | ११ डिसेंबर

मेथांबा, बोलायला उभी राहतेयस याबद्दल आधी मनापासून अभिनंदन.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो, माझं रोजचं काम याच्या आसपासचं आहे. इमिग्रेशन केंद्राचं काम. पण केंद्र सरकार राज्याच्या किंवा गावाच्या कर्मचाऱ्यांना त्या कामाला जुंपू शकत नाही. हे १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, आणि तो खटला होता बंदूक विकत घेणाऱ्यांची माहिती तपासायची सक्ती शेरीफवर (काउंटीच्या पोलीसप्रमुखावर) करण्याबद्दल! माँटाना आणि ॲरिझोनाचे शेरीफ कोर्टात गेले होते, निकाल न्यायमूर्ती स्कालियांनी लिहिला. बंदूकवाल्यांनी मिळवलेलं तत्त्व आज शिकागोच्या कामी येतंय.

स्थानिक पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात पडू नये असं सांगणारा इलिनॉयचा ट्रस्ट ॲक्ट २०१७ चा, त्यावर सही करणारे गव्हर्नर राउनर रिपब्लिकन होते. शिकागो शहराचं तसंच धोरण तर हॅरल्ड वॉशिंग्टन महापौर असताना १९८५ मध्ये सुरू झालं. या वर्षी केंद्राने इलिनॉय, कुक काउंटी आणि शिकागोवर खटला भरला तो जुलैमध्ये न्यायाधीश लिंडसे जेंकिन्सनी काढून टाकला.

पण याची दुसरी बाजू तू खिडकीतून बघितलीस. मदत करायची सक्ती नाही, तसंच त्यांना अडवायचा अधिकारही नाही. तुझ्या त्या पोलिसाने मध्ये पडून त्या गाड्या रोखल्या असत्या तर तोच आत गेला असता.

घाटावरचा | ११ डिसेंबर

पुण्यातून वाचतोय. एक बेसिक प्रश्न, राग नको. गावचे पोलीस केंद्राचं ऐकत नाहीत हे चालतं कसं? वरून फोन येत नाही का?

तिरफळ | १२ डिसेंबर

अहो राग कसला, इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे पुणे महापालिकेकडे पोलीस नाहीत. महापौरांना साधा हवालदार हलवता येत नाही, पोलीस आयुक्त राज्याच्या गृहखात्याखाली. आणि परदेशी नागरिक शोधून परत पाठवण्याचे केंद्राचे अधिकार घटनेच्या २५८ व्या कलमाने राज्यांकडे सोपवलेले आहेत, म्हणजे ते काम करतात राज्याचेच पोलीस. इथे उलटं. सात-आठ हजार वस्तीच्या गावाचं स्वतःचं पोलीस खातं असतं, चीफला गावच नेमतं आणि पगारही गावच देतं. वरून फोन येईल कुणाचा? वर कोणी नाहीच.

म्हणून तर व्हिलेज बोर्डाच्या मीटिंगला किंमत आहे. आपली मंडळी प्रेसिडेंटच्या निवडणुकीवर रात्र रात्र वाद घालतात आणि गावच्या बोर्डाच्या निवडणुकीला मतदान करत नाहीत.

रांगेतला | १२ डिसेंबर

माझं मत वेगळं आहे, सगळ्यांना आवडणार नाही.

ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख (प्रायॉरिटी डेट) सप्टेंबर २०१३ ची आहे, ईबी-२ या नोकरीच्या वर्गात. बारा वर्षं नोकरी सांभाळून, भारतात वडील गेले तेव्हा परत यायला लागणाऱ्या व्हिसा स्टॅम्पिंगच्या भीतीने जायचं की नाही हा विचार करत काढलीत. एकही नियम मोडला नाही. त्यामुळे ज्यांनी मोडला त्यांच्यासाठी गावाने ठराव करावेत हे मला पटत नाही. आणि प्रॅक्टिकल मुद्दा असा की ज्यांना गुन्ह्यासाठी पकडलंय त्यांना स्थानिक तुरुंगातूनच हवाली केलं असतं तर ही माणसं रस्त्यावर उतरलीच नसती. तुम्ही तुरुंगाचं दार बंद केलंत, ते गल्लीत आले. मेथांबा ताईंनी जे बघितलं ते वाईटच, पण त्याला हेही कारण आहे.

ओवी | १२ डिसेंबर

रांगेतला, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ती रांग अन्यायाचीच आहे आणि त्यावर वेगळा धागा हवा.

पण तुरुंगाचं दार बंद आहे हे बरोबर नाही. ट्रस्ट ॲक्टमध्ये न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणलं तर हवाली करतात. अडतं ते इमिग्रेशन खात्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्याने सही केलेल्या कागदावर, त्याला कोर्टाने बघितलेलं नसतं. आणि पाचोळा काढणारी ती तीन माणसं कुठल्या तुरुंगातून निसटलेली होती?

मी देशी बायकांच्या एका हेल्पलाइनवर शनिवारी फोन घेते. नाव सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये एक बाई बोलली, आपल्याच भागातली, गुजराती, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि तो व्हिसा आता संपलेला. नवऱ्याने हात पिरगाळला होता. मी म्हटलं ९११ लाव. ती म्हणाली, पोलीस आले तर मला नेतील, हा तर तेच सांगतो रोज, पोलिसांना बोलव म्हणजे तुलाच घेऊन जातील. मी अर्धा तास तिला समजावत होते की इलिनॉयचे पोलीस तुझा व्हिसा विचारणार नाहीत, त्यांना तसं विचारायला मनाई आहे. शेवटी तिने फोन केला. पोलीस आले, नवऱ्याला घेऊन गेले, हिला काही विचारलं नाही.

गावचे पोलीस आणि ते तोंड झाकलेले लोक वेगळे आहेत, हे त्या बाईला पटलं म्हणून ती आज सुरक्षित आहे. ठराव त्यासाठी लागतो. नियम न मोडणारेही उद्या कुठल्यातरी रात्री त्याच पोलिसांना फोन लावणार असतात.

रांगेतला | १२ डिसेंबर

ओवी ताई, हे उदाहरण मान्य. विचार करतो.

पाणपोई | १३ डिसेंबर

मी ब्रॉडव्ह्यूला चार शुक्रवार गेलोय म्हणून लिहितो, जरा लांबेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रॉडव्ह्यू हे शिकागोच्या पश्चिमेला असलेलं आठेक हजार वस्तीचं गाव. लोक बहुतांश कृष्णवर्णीय, गाव साधं. तिथे बीच स्ट्रीटवर इमिग्रेशन खात्याची एक इमारत आहे. माणसाला तिथे काही तास ठेवायचं आणि पुढे पाठवायचं अशी ती सोय. ८ सप्टेंबरला मिडवे ब्लिट्झ ही शिकागोतली धाडींची मोहीम सुरू झाली आणि तिथे लोक दिवस-दिवस राहू लागले, जमिनीवर, संडासाच्या शेजारी झोपत होते, नोव्हेंबरमध्ये कोर्टाला आदेश द्यावा लागला की झोपायला जागा द्या, साबण द्या, प्यायला पाणी द्या.

बाहेर आम्ही. पहिल्या वेळी गेलो तेव्हा मला वाटलं होतं गाणी म्हणू, पाट्या धरू. छतावर माणसं उभी होती, तिथून मिरचीच्या पुडीचे गोळे मारत होती. एका पाद्र्याच्या डोक्याला लागलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. अश्रुधुराचं वर्णन करता येत नाही, डोळे मिटले तरी आतून जळतात आणि घसा कुणीतरी आवळल्यासारखा. एका आजीबाईंनी माझ्या डोळ्यांवर बाटलीतलं पाणी ओतलं, मग स्वतःच्या. म्हणून इथला माझा आयडी बदललाय, आधी वेगळा होता.

आता मेथांबाचा प्रश्न, गाव काय करू शकतं. खात्याने सप्टेंबरच्या शेवटी इमारतीपुढच्या सार्वजनिक रस्त्यावर आठ फुटी कुंपण घातलं. गावाने काय म्हटलं, तर आमचा आगीचा बंब आत जाऊ शकत नाही. बस. लोकशाही, अत्याचार, असले मोठे शब्द न वापरता आमचा रस्ता, आमचा बंब एवढ्यावर गाव कोर्टात गेलं. न्यायाधीश लाशॉंडा हंट यांनी ९ ऑक्टोबरला कुंपण काढा म्हणून आदेश दिला, १४ ला रात्री काढलं. माझ्या डोळ्यांसमोर काढलं! एवढ्या बलाढ्य सरकारला हलवलं ते बंबाच्या वाटेने. शिवाय एका टीव्ही बातमीदाराच्या गाडीवर गोळा मारला त्याचा फौजदारी तपास गावच्या पोलिसांनी सुरू केला.

पण सगळं गोड नाही. त्याच गावच्या मेयरबाईंनी, कॅटरिना थॉम्प्सन, ६ ऑक्टोबरला हुकूम काढला की निदर्शनं सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्येच. स्टेट पोलीस आणि कुक काउंटी शेरीफची माणसं हेल्मेट घालून, हातात लांब दंडुके घेऊन आमच्यासमोर उभी. पाठीमागे केंद्राचे लोक, पुढे राज्याचे. ज्या गव्हर्नरला आम्ही टीव्हीवर बघून टाळ्या वाजवतो त्यांचेच पोलीस आम्हाला ढकलत होते आणि आमच्यातल्या काहींना बेड्या घालत होते. मेयरबाईंची अडचण मला कळते, शेजारच्या घरांतल्या लोकांनाही तो धूर जात होता, त्यांनाही झोपायचं असतं. तरी ढकलणारा हात राज्याचा होता हे विसरता येत नाही. म्हणून ताई, तीन मिनिटांत हेही विचारा की आमचे पोलीस तिथे जमाव आवरायला मदत म्हणून पाठवले का, आणि पाठवले तर कुणाच्या हुकमाखाली.

गिरगावकर | १३ डिसेंबर

९ ते ६ वाचून हसू आलं. मुंबईत आझाद मैदानाची हीच वेळ! ऑगस्टमध्ये जरांगे आले तेव्हा परवानगी एक दिवसाची, पाच हजार माणसांची आणि संध्याकाळी सहापर्यंत. माणसं किती आली ते सीएसएमटीला उभं राहून आम्ही बघितलंच. जगात कुठेही जा, सरकारला सहानंतरचा मोर्चा नको असतो.

पाणपोई | १३ डिसेंबर

गिरगावकर 😄 पण ब्रॉडव्ह्यूमध्ये अंधार पडल्यावरच जास्त गाड्या आत-बाहेर करायच्या, तेच बघायला लोकांना तिथे थांबायचं होतं.

कोथिंबीरवडी | १३ डिसेंबर

एलएवरून (लॉस एंजेलिस). पाणपोईंनी लिहिलेला शेवटचा भाग आम्ही जूनमध्ये भोगलाय म्हणून राहवलं नाही.

आमचं शहर कागदावर फार पुढारलेलं. इमिग्रेशनसाठी कुणाला हटकायचं नाही हा एलएपीडीचा (आमच्या शहराच्या पोलिसांचा) नियम १९७९ पासूनचा आहे, राज्याचा कायदा २०१७ चा, शहराचा वेगळा ठराव २०२४ चा. तरी ६ जूनला फॅशन डिस्ट्रिक्टमध्ये धाडी पडल्या, नॅशनल गार्डचे राखीव सैनिक आले, मागून सैन्याचे सातशे मरीन आले, आणि सगळ्या जगाने तेच बघितलं. पण मोर्चात माझ्या भाच्याला पायावर जो फोमचा गोळा बसला तो गार्डने मारला नव्हता, आमच्याच शहराच्या पोलिसांनी मारला. पत्रकारांनाही इतके मारले की जुलैमध्ये फेडरल न्यायाधीशांना एलएपीडीलाच आवरावं लागलं. मेयर बास धाडींविरुद्ध बोलल्या ते मनापासूनच बोलल्या असं मला वाटतं, पण डाउनटाउनमध्ये आठवडाभर रात्रीची संचारबंदीही त्यांनीच लावली.

धाडीवेळी पोलीस दूर राहणार आणि मोर्चावेळी पुढे येणार, असं झालं तर त्या नियमांचा उपयोग अर्धाच. दोन्हीबद्दल लिहून घ्या.

आणि एक चांगलं उदाहरण पण सांगते, आमच्या शेजारचं ग्लेनडेल. त्यांचा जुना करार होता, इमिग्रेशनने पकडलेली माणसं शहराच्या कोठडीत ठेवायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. जूनमध्ये लोकांनी आवाज केल्यावर शहराने तो करार थांबवला. असा करार आहे हे बऱ्याच लोकांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. तुमच्या गावाचे करार मागवा!

झोपाळा | १४ डिसेंबर

थोडं अवांतर. तुम्ही सगळे ग्रीन कार्ड खिशात ठेवता का? आम्ही लॉकरमध्ये ठेवायचो.

तिरफळ | १४ डिसेंबर

झोपाळा, ठेवाच. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा हा जुना कायदा आहे. सिटिझनला तसं बंधन नाही, पण माझी आई, सिटिझन होऊन नऊ वर्षं झालेली, आता भाजी आणायला जाताना पासपोर्ट कार्ड पर्समध्ये टाकते. देव्हाऱ्यापुढे हात जोडते आणि कार्ड घेते, दोन्ही एकाच सवयीने. मला ते बघवत नाही.

मालवणी_मसाला | १४ डिसेंबर

इथे सगळे तळमळीने लिहितायत, चांगलं वाटलं. पण मीरा रोडचा राहणारा म्हणून एक आठवण करून देतो. याच जूनमध्ये आमच्या इथून बांगला बोलणारे मजूर पकडून नेले, त्यातले काही थेट सीमेपलीकडे ढकलले. मग पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवले, माणसं भारतीय निघाली, परत आणावी लागली. आमच्या सोसायटीत फरशी बसवणारा एक मुर्शिदाबादचा पोरगा होता, तो फरशी अर्धी टाकून गावी गेला तो आलाच नाही. आमच्या वॉचमनने त्याची थापी आणि पाण्याची बादली मीटरच्या खोलीत ठेवलीय.

तेव्हा याच फोरमवर किती धागे निघाले?

ओवी | १४ डिसेंबर

मालवणी_मसाला, एकही नाही. तुमचं बरोबर आहे. तुम्ही काढा धागा, मी पहिली लिहीन.

वाटाणा | १४ डिसेंबर

मेथांबा, मुद्द्यावर येतो. आम्ही शेजारच्या गावात हे करून बसलोय त्यामुळे सांगतो काय चाललं.

भावनेने बोललीस तर सगळे मान हलवतील आणि पुढचा विषय घेतील. गावाच्या मालकीचं काय आहे ते पकड. शिकागोच्या महापौरांनी ऑक्टोबरमध्ये हुकूम काढला की शहराच्या मालकीच्या पार्किंगच्या जागा, मोकळे प्लॉट, गॅरेजेस धाडींच्या तयारीसाठी वापरता येणार नाहीत. गाव हे करू शकतं, जागा गावाची आहे. एक ठराव आणि पाट्या पुरतात, खर्च काही नाही.

दुसरं, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. हे कोणी बोलत नाही. राज्याच्या तपासणीत या ऑगस्टमध्ये निघालं की इलिनॉयमधल्या कॅमेऱ्यांची माहिती केंद्राच्या सीमा खात्यापर्यंत पोचत होती. शिकागोशेजारच्या एव्हान्स्टन आणि ओक पार्कने कॅमेऱ्यांचे करार तोडले. ठरावात कितीही सुंदर लिहिलं आणि चौकातला कॅमेरा मागच्या दाराने माहिती देत राहिला तर काय उपयोग? तुमच्या गावात कॅमेरे आहेत का, कुणाशी माहिती वाटतात, गेल्या वर्षभरात कोणी काय शोधलं, लेखी मागा.

तिसरं, तुमचा तो ब्लोअर बंद करणारा पोलीस. त्याला काय करता आलं असतं? आलेले लोक खरंच केंद्राचे अधिकारी आहेत का हे तपासणं, बॉडी कॅमेरा चालू ठेवणं, किती जणांना नेलं, गाड्यांचे नंबर काय, हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिणं, घरच्यांना तो रिपोर्ट देणं. कुणाला अडवायला नको, फक्त नोंद. याच महिन्यात ९ तारखेला गव्हर्नरांनी सही केलेल्या कायद्याने हक्क डावलले तर अधिकाऱ्यांवर राज्याच्या कोर्टात दावा करता येतो. दावा करायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा तुमच्या गावचा पोलीसच लिहून ठेवू शकतो.

तिरफळ | १४ डिसेंबर

वाटाणा यांना शंभर टक्के अनुमोदन. केंद्र त्या नव्या कायद्याला कोर्टात खेचेलच, तरी नोंद राहिली तर राहिली.

मेथांबा | १७ डिसेंबर

जाऊन आले. सगळं लिहिते.

हॉलमध्ये तिसेक लोक होते, त्यातले निम्मे शेजारच्या गल्लीत नवीन अपार्टमेंट होऊ नये म्हणून आलेले. माझा नंबर सातवा. हात थरथरत होते म्हणून कागद पोडियमवर दाबून धरला. ब्लोअरचं आधी सांगितलं, एवढंच की तो चालू होता आणि माणसं नव्हती. मग वाटाणांचे तीन मुद्दे आणि पाणपोईंचा चौथा. तिसऱ्या मुद्द्यावर बझर वाजला. पुढे गल्लीतल्याच एका आजोबांचा नंबर होता, अपार्टमेंटविरुद्ध बोलायला आलेले. ते उठले आणि म्हणाले, माझी तीन मिनिटं हिला द्या. मला रडू आलं तिथेच. नियमात बसत नाही म्हणून बोर्डाच्या प्रेसिडेंटने नाही म्हटलं, तर आजोबांनी माझा कागद घेतला, चष्मा लावला आणि उरलेलं स्वतः वाचून दाखवलं.

उत्तरं अशी. पार्किंगच्या जागांबद्दल वकिलांचं मत घेऊन जानेवारीत ठराव आणतो म्हणाले. कॅमेरे आहेत, अकरा. कुणाशी माहिती वाटतो हे चीफना उभ्या उभ्या सांगता आलं नाही, माहिती अधिकाराखाली अर्ज करा म्हणाले, तो मी आज सकाळी केलाय, पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नोंदीच्या मुद्द्यावर चीफ म्हणाले की असा लेखी नियम आमच्याकडे नाही. फार वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, असायला हवा. ब्रॉडव्ह्यूला पोलीस पाठवले का, यावर उत्तर मिळालं नाही.

बाहेर आले तर तोच पोलीस दाराशी ड्युटीवर होता. त्याने ओळखलं. म्हणाला, तो ट्रक संध्याकाळपर्यंत तिथेच होता, मालक यायला घाबरत होता, शेवटी शिफ्ट संपल्यावर मीच नेऊन दिला.

पाणपोई | १७ डिसेंबर

चौथ्याचं उत्तर मिळालं नाही ना, तोही माहिती अधिकारात टाका. आणि त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

रांगेतला | १८ डिसेंबर

मी माझ्या गावाच्या बोर्डाचं वेळापत्रक बघितलं. मतदान नाही करता येत मला पण बोलता येतं असं लिहिलंय, रहिवासी असलं की पुरे. कॅमेऱ्यांचा प्रश्न मी विचारणार आहे. बाकी ठरावाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण आपल्या गाड्यांची माहिती कुठे जाते ते कळायला हवं.

तिरफळ | २३ डिसेंबर

आत्ताच बातमी आली, सुप्रीम कोर्टाने शिकागोत नॅशनल गार्ड उतरवायला सध्या नकार दिला. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश एप्रिल पेरींनी दिलेली स्थगिती कायम राहिली. एलएला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं. आज गोड करा काहीतरी.

कोथिंबीरवडी | २३ डिसेंबर

इथे वाचूनच बरं वाटलं हो. आमच्याकडे जून परत यायला नको.

मेथांबा | २३ डिसेंबर

शिरा टाकलाय! कॅमेऱ्यांच्या अर्जाला उत्तर आलं, अजून पाच दिवसांची मुदत मागितलीय. पुढची मीटिंग ६ जानेवारी, संध्याकाळी सात. पश्चिमेकडे राहणारं कोणी येणार असेल तर माझ्या विपुत (विचारपूस) कळवा, मेट्रा या लोकल ट्रेनच्या स्टेशनवरून मी घेऊन जाईन, गाडीत चार जागा आहेत. त्यातली एक आजोबांनी आधीच धरलीय.